अर्ध्या कापडाची गोष्ट

बाळाचं पहिलं झबलं, कुंची, बारशाला आजोळहून आलेले चांदीचे वाळे, कधीतरी हौसेने काढलेला पायाचा ठसा... आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी हे सामान कुठे ना कुठे जपून ठेवलेलं असतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या ट्रंकेत, नाहीतर लग्नातल्या शालूच्या घडीत. मूल कॉलेजात जातं, नोकरीला लागतं, पण झबलं काही टाकवत नाही. "कशाला ठेवलंयस गं अजून?" असं कुणी विचारलं, तर धड उत्तरही देता येत नाही. उपयोग काहीच नसतो. हे मूल माझंच आहे, हे सांगायला आपल्याला कुठल्या पुराव्याची गरज थोडीच असते!

पण ज्यांना तशा पुराव्याची गरज होती, अशाही आया होऊन गेल्या. बाळाच्या अंगावरच्या कपड्याचा एक तुकडा कापून त्यांनी आपल्यापाशी ठेवला, दुसरा तुकडा बाळासोबत दिला आणि कधीतरी हे दोन तुकडे जुळतील या आशेवर त्या घरी निघून गेल्या. लंडनमध्ये या बाळांच्या आठवणी जपणारं एक संग्रहालय आहे. त्याचं नाव फाउंडलिंग म्युझियम. मैत्रिणींनो, आज तुम्हाला तिथे घेऊन जायचं आहे.

मोठ्यांना एकट्याने प्रवेश नाही!

माझी नणंद लग्नानंतर लंडनजवळ हॅरोला स्थायिक झाली. २०२३च्या मे महिन्यात आम्ही सगळे तिच्याकडे गेलो होतो. मी, आमचे हे, तेरा वर्षांची लेक आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. राणीचा वाडा, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे असं सगळं यथासांग बघून झालं. मी गावात महिला मंडळाच्या कौटुंबिक सल्ला केंद्राचं काम करते, हे नणंदेला ठाऊक. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला एक जागा दाखवते. तिथे फारशी गर्दी नसते, पण तुम्हाला ती आवडेल. म्हणजे आवडेल असं तरी कसं म्हणू... बघाच तुम्ही."

ब्लूम्सबरी नावाच्या भागात ब्रन्स्विक चौक आहे, तिथे हे संग्रहालय. शेजारीच कोरम्स फील्ड्स नावाचं मोठं मैदान आहे, मुलांना खेळायला. गंमत म्हणजे, सोबत लहान मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला त्या मैदानात प्रवेश नाही. आमचा नऊ वर्षांचा भाचा ऐटीत म्हणाला, "मामी, चल, मी तुला आत घेऊन जातो." एरवी सगळीकडे आपण पोरांना हाताला धरून नेतो. इथे पोर आपल्याला नेतं!

संग्रहालयाच्या दारापाशी लोखंडी कठड्यावर बाळाचा एक इवलासा हातमोजा अडकवलेला दिसला. कुणाच्या तरी बाळाचा पडलेला दिसतो, म्हणून लेक तो काढायला गेली, तर तो जागचा हलेना. तो धातूचा होता! ट्रेसी एमिन या प्रसिद्ध ब्रिटिश कलावतीने तो घडवला आहे. रस्त्यात पडलेली वस्तू कुणीतरी उचलून उंचावर ठेवावी, म्हणजे ज्याची त्याला ती सापडेल, एवढीच त्यामागची कल्पना. आत काय बघायचं आहे, ते त्या एवढ्याशा मोज्याने आधीच सांगून टाकलं होतं.

कप्तानाची सतरा वर्षं

या गोष्टीतला मुख्य माणूस म्हणजे थॉमस कोरम. जन्म १६६८चा. लहान वयातच समुद्रावर गेला, पुढे अमेरिकेत जहाजं बांधायचा धंदा केला आणि नंतर लंडनला येऊन राहिला. कामासाठी शहरात येता-जाता त्याला रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर टाकलेली तान्ही मुलं दिसत. काही जिवंत, काही मेलेली. त्या काळचं लंडन म्हणजे एकीकडे अमाप श्रीमंती आणि दुसरीकडे पोटाची मारामार. मोलकरीण म्हणून राबणाऱ्या मुलीला दिवस गेले, तर आधी तिचं काम जाई, मग राहती जागा जाई. कुणाचा नवरा लढाईवर गेलेला, कुणाचा मेलेला, कुणाचा पळून गेलेला. बाळाला जगवायचं कशावर?

या मुलांसाठी एक घर काढावं, असं कोरमने ठरवलं. पण धनवान मंडळी त्याला दारातही उभं करीनात. 'अशा बायकांची मुलं सांभाळायला लागलात, तर समाजात अनाचार वाढेल' हा त्यांचा युक्तिवाद. वाचून ओळखीचं वाटलं ना? तीनशे वर्षं झाली, देश वेगळा, भाषा वेगळी, पण वाक्य तेच.

मग कोरमने एक शहाणपणा केला. पुरुष ऐकत नाहीत म्हटल्यावर तो त्यांच्या घरच्या बायकांकडे गेला! १७२९ मध्ये एका उमरावाच्या पत्नीने, डचेस ऑफ सॉमरसेटने, त्याच्या अर्जावर पहिली सही केली. एकेक करत तिच्यासह प्रतिष्ठित घराण्यांतल्या एकूण २१ स्त्रियांनी सह्या केल्या. एवढ्या मोठ्या घरच्या बायका पाठीशी उभ्या राहिल्यावर या कामाला नावं ठेवणं अवघड झालं. हळूहळू त्यांचे नवरे, दीर, भाऊसुद्धा तयार झाले. सतरा वर्षांच्या खटपटीनंतर ऑक्टोबर १७३९ मध्ये राजाने सनद दिली.

वरच्या मजल्यावर विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७४० साली काढलेलं कोरमचं भलंमोठं चित्र आहे. लाल कोट, पांढरे केस, खुर्चीत बसलेला, पाय धड जमिनीला टेकत नाहीत. राजेरजवाड्यांची काढतात तसं चित्र, पण माणूस मात्र एखाद्या प्रेमळ आजोबांसारखा. कोरमला स्वतःचं मूल नव्हतं. होगार्थलाही नव्हतं. त्याने आणि त्याच्या बायकोने या संस्थेतली मुलं आपल्या घरी सांभाळली. हे ऐकताना मला एकदम आपले जोतिराव आणि सावित्रीबाई आठवले. पण त्याविषयी पुढे सांगते.

पांढरा, लाल, काळा

२५ मार्च १७४१च्या रात्री या घराचं दार पहिल्यांदा उघडलं. त्या एका रात्रीत ३० बाळं घेतली आणि जागा संपली. बाहेर आया रडत उभ्या होत्या. आत घेतलेल्यांचं रडणं आणि परत पाठवलेल्यांचं रडणं यांतलं जास्त करुण कोणतं, हे सांगणं कठीण, अशा अर्थाची नोंद तिथल्या लोकांनीच करून ठेवली आहे.

बाळं जास्त आणि पाळणे कमी. तेव्हा १७४२ पासून सोडत सुरू झाली. बाईने थैलीत हात घालायचा आणि एक गोटी काढायची. पांढरी निघाली, तर बाळाला रोग नसल्यास ते आत. लाल निघाली, तर थांबायचं. पांढरीवाल्या एखाद्या बाळात दोष निघाला, तरच हिचा नंबर. आणि काळी निघाली, तर बाळ घेऊन आल्या पावली परत!

त्या सोडतीचं जुनं चित्र छापलेलं आहे. त्यात भरजरी झग्यातल्या बायका, टोप घातलेले पुरुष हा प्रकार बघायला जमलेत. म्हणजे एकीचा जीव थैलीत अडकलेला आणि दुसरीसाठी तो तमाशा. लेकीने मला विचारलं, "आई, काळी गोटी आली तर त्या पुढे काय करायच्या गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नणंदही काही बोलली नाही.

१७५६ मध्ये पार्लमेंटने पैसा दिला आणि अट घातली, येईल ते बाळ घ्यायचं. दाराशी एक टोपली टांगली. घंटा वाजवायची, बाळ टोपलीत ठेवायचं आणि जायचं. ऐकायला किती चांगलं! पण चार वर्षांत जवळपास १५ हजार बाळं आली. लांबलांबच्या गावांहून पैसे घेऊन मुलं पोहोचवणारे लोक निघाले. कित्येक बाळं वाटेतच दगावली. एवढ्यांना अंगावर पाजणाऱ्या दाया आणायच्या कुठून? त्यांतली दोन तृतीयांशाहून जास्त मुलं वाचली नाहीत. १७६० मध्ये सरकारने हात आखडता घेतला. नुसती दया पुरेशी नसते, तिला माणूसबळ आणि व्यवस्था लागते, हे या चार वर्षांनी फार मोठी किंमत घेऊन शिकवलं. आपल्यासारख्या सामाजिक काम करणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवावं असं आहे.

खुणेच्या वस्तू

तळमजल्यावर एका काचेच्या कपाटासमोर सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. आत सोनं-नाणं नाही. एक बटण, एक अंगठी, शिवताना बोटात घालतात तो अंगुस्ताना, एक लहानसं कुलूप, नाव कोरलेलं नाणं, बीअरच्या बाटलीला अडकवायची पट्टी आणि एक भोक पाडलेलं हेझलनटचं कवच. म्हणजे अक्षरशः झाडाखाली पडलेलं फळ! जिच्याजवळ देण्यासारखं काहीच नव्हतं, तिनेही काहीतरी दिलं होतं.

याला तिथे टोकन म्हणतात. टोकन म्हणजे खूण. पद्धत अशी होती, की बाळ आत घेताना एक कागद भरायचा. त्यावर तारीख, मुलगा की मुलगी, अंगावर कोणते कपडे, अंगावर काही खूण. आईचं नाव मात्र विचारायचं नाही. त्या कागदाला ही वस्तू, नाहीतर कपड्याचा तुकडा जोडायचा, घडी घालून लाखेने बंद करायचं. बाळाला लगेच नवं नाव दिलं जाई. पहिल्या दिवशीच्या एका मुलाचं नाव थॉमस कोरम ठेवलं आणि एका मुलीचं कोरमच्या बायकोवरून युनिस कोरम. जुनं नाव पुसलं गेलं, की आईला आपलं मूल ओळखण्यासाठी उरायची ती फक्त ही खूण. परत यायचं झालं, तर तारीख सांगायची आणि खूण सांगायची. जुळली तर मूल परत.

किती जणींची जुळली? १७४१ ते १७६० या काळात १६,२८२ बाळं तिथे आली. परत गेली ती १५२.

हा आकडा वाचून मी तिथल्या बाकावर बसलेच. शंभरात एकही नाही! पण दुसऱ्या बाजूने बघा. शंभरातल्या नव्व्याण्णवहून जास्त जणी परत येऊ शकल्या नाहीत, तरी खूण ठेवणाऱ्या कितीतरी होत्या. 'टाकून दिलं' असं आपण सहज म्हणतो. टाकणारी बाई खूण कशाला ठेवेल?

पुढे १८६० च्या दशकात संस्थेच्या कारभाऱ्यांनी ते जुने कागद उघडले आणि लोकांना बघायला मिळाव्यात म्हणून त्या वस्तू काढून कपाटात मांडल्या. तेव्हा कोणती वस्तू कोणत्या बाळाची, हा धागाच तुटला. अलीकडे अभ्यासकांनी जुन्या नोंदी चाळून त्यांतल्या काही वस्तू पुन्हा आपापल्या बाळाच्या नोंदीशी जुळवल्या आहेत. दोन-अडीचशे वर्षांनी का होईना, कुणीतरी हे काम करतंय, याचंच मला बरं वाटलं.

सासूबाईंनी ओळखलेली गोधडी

संग्रहालयाच्या दुकानात एका पुस्तकात नणंदेने त्या कापडाच्या तुकड्यांची चित्रं दाखवली. फुलाफुलांचं, ठिपक्यांचं, चौकटींचं. सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपलं छीट!" खरंच आहे ते. अशा छापील कापडाला इंग्रजीत 'चिंट्झ' म्हणतात, तो शब्द आपल्याकडच्या छीटवरूनच तिकडे गेला.

मग पान उलटलं आणि सासूबाईंचं बोट एका तुकड्यावर थांबलं. "अगं, ही तर गोधडीच की!" वेगवेगळ्या कापडांचे बारके तुकडे एकाला एक जोडून शिवलेले आणि त्यावर दोऱ्याने भरलेलं एक बदाम. पण बदाम अर्धंच. मधोमध कापलेलं.

त्याची गोष्ट अशी. १७६७ मध्ये सेरा बेंडर नावाच्या बाईने आपला तान्हा मुलगा चार्ल्स इथे ठेवला. तिने हे कापड उभं कापलं. अर्धं बदाम बाळासोबत, अर्धं स्वतःपाशी. संस्थेत त्याचं नाव झालं बेंजामिन ट्वर्ल. आठ वर्षं गेली. १७७५ च्या जूनमध्ये सेरा आपला अर्धा तुकडा घेऊन दाराशी आली. दोन तुकडे जुळले आणि ती लेकाला घेऊन घरी गेली.

आठ वर्षं तिने ते चिंधीएवढं कापड कुठे जपलं असेल? पदराच्या गाठीला बांधून तर हिंडली नसेल? म्हणजे तिला पदर कुठला, पण तुमच्या लक्षात आलं असेल. सासूबाईंनी हयातभर गोधड्या शिवल्या. प्रत्येक नातवंडाची वेगळी. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बाईने टाके किती बारीक घातलेत बघ. घाईत नाही शिवलेलं हे." माझ्या मनात आलं, खरंच, हे काम निवांत बसून, मन लावून केलेलं असणार. बाळाला सोडायचं हे आधी ठरलेलं असणार, आणि तरीही तिने एकेक टाका मोजून घातला असणार.

वाचलेल्या मुलांचं बालपण

जी मुलं जगली, त्यांचं काय झालं? तान्ह्या बाळांना खेड्यांतल्या दायांकडे पाठवत. त्या बायका त्यांना आपल्या लेकरांबरोबर वाढवत. साधारण पाच वर्षांची झाली, की मुलं परत लंडनला. जिला आई म्हणून ओळखलं, तीसुद्धा सुटली. म्हणजे या मुलांची एका आयुष्यात दोनदा ताटातूट. मग तपकिरी गणवेश, घंटेवर उठणं, घंटेवर जेवणं. पुढे मुलांना धंदा शिकायला किंवा समुद्रावर, मुलींना घरकामाला. पोटभर अन्न, औषध, अक्षरओळख एवढं मिळत होतं, आणि त्या काळच्या गरिबाच्या मुलाला एवढंही कुठे मिळत होतं! पण माया? अखेरच्या काळातल्या, आता म्हातारपणाकडे झुकलेल्या माजी मुलांच्या आठवणी तिथे त्यांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. अन्नाची, कपड्यांची आठवण येते तशीच, कुणी कधी जवळ घेतलं नाही, याचीही येते.

संगीतकार हँडेलने या मुलांसाठी मोफत कार्यक्रम करून पैसा उभा केला. १७५० पासून 'मसीहा' ही त्याची गाजलेली रचना तिथे दरवर्षी होत असे. सर्वात वरच्या मजल्यावर मोठ्या खुर्च्या आहेत. त्यांत बसलं, की कानाशी हँडेलचं संगीत ऐकू येतं. आमचे हे तिथे बसले ते उठेचनात. "जरा शांत बसू दे," म्हणाले. एरवी कुठेही चहा कुठे मिळेल एवढंच शोधणारा माणूस!

१९२६ मध्ये ही संस्था लंडनबाहेर गेली, १९५४ मध्ये शेवटची मुलं तिथून बाहेर पडली आणि २००४ मध्ये हे संग्रहालय सुरू झालं. दोनशेहून अधिक वर्षांत सुमारे २५ हजार मुलं तिथे आली. कोरमच्या नावाची संस्था आजही मुलांसाठी काम करते, पण आता मोठ्या वसतिगृहाऐवजी मुलाला घर मिळवून देण्यावर तिचा भर आहे.

आपल्याकडचे पाळणे

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तरुण विधवांना, केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या मुलींना, नात्यातल्याच कुणामुळे दिवस जात आणि मग विहीर जवळ करावी लागे, नाहीतर बाळाचा गळा दाबावा लागे. त्यांना गुपचूप येऊन बाळंत होता यावं, म्हणून हे घर. फुले दांपत्यालाही मूल नव्हतं. अशाच एका विधवेच्या मुलाला त्यांनी आपलं नाव दिलं. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाने पंढरपुरात असंच काम सुरू केलं. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून उठल्या आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. बाईला दोष देताना पुरुष कुठे लपतो, हा त्यांचा सवाल होता. लंडनच्या कागदांतही बापाचा पत्ता नाहीच!

विचार करता करता एक गोष्ट मला खटकली. इंग्रजीत या मुलांना 'फाउंडलिंग' म्हणतात, म्हणजे सापडलेलं मूल. आपण मराठीत म्हणतो 'टाकलेलं मूल'. त्यांच्या शब्दात सापडवणारा आहे. आपल्या शब्दात फक्त टाकणारी. आणि ते 'टाकलेलं' हे बिरूद मग मुलाच्या कपाळी जन्मभर चिकटतं.

झबलं जाळायचं का?

तिकडून आल्यावर दोन-तीन महिन्यांनी आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. मुलगी शिशुगृहातून रीतसर दत्तक घेतलेली, आता सातवीत. सासरच्यांनी सांगितलं होतं, मुलीला काही कळता कामा नये. बाळ घरी आलं त्या दिवशी तिच्या अंगावर संस्थेचं झबलं होतं. ते बाईंनी लपवून ठेवलं होतं. मुलगी मोठी होतेय, कपाटं उघडते, तर ते जाळून टाकू का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या.

मी त्यांना सेरा बेंडरची गोष्ट सांगितली. आणि त्या १५२ सोडून उरलेल्या आयांची. म्हटलं, "त्या झबल्यावर तुमचा तर हक्क आहेच, पण लेकीचाही आहे. ती आपल्या घरी आली त्या दिवसाची ती खूण आहे. तिला बाहेरून कुणी टोमणा मारून सांगण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. एकदम नाही, थोडं थोडं." त्या रडल्या. नंतर दोन वेळा नवऱ्याला घेऊन आल्या. पुढे त्यांनी मुलीला सांगितलं. पहिले काही दिवस घरात कुणाला घास गोड लागला नाही. मुलगी बोलेना, जेवेना. मग एक दिवस तिने विचारलं, "मी तेव्हा एवढीशी होते?" आणि झबलं छातीशी धरून आरशासमोर उभी राहिली.

सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. तिचे प्रश्न अजून येतात आणि येत राहतील. पण आता ते आईला विचारले जातात.

हे माहीत असू द्या

मैत्रिणींनो, आपल्या गल्लीत, वाड्यावस्तीवर, ओळखीपाळखीत अशी वेळ कुणावरही येऊ शकते. म्हणून काही गोष्टी आपल्याला ठाऊक हव्यात.

बाळ सांभाळणं खरोखर अशक्य असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार आई ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे रीतसर सोपवू शकते. तिला तुरुंगात टाकत नाहीत. तिच्याशी बोलतात, समजावतात, नाव गुप्त ठेवतात. आणि मुख्य म्हणजे, सोपवल्यानंतर दोन महिन्यांपर्यंत तिला विचार बदलून बाळ परत मागता येतं. सेराला आठ वर्षं कापडाचा तुकडा जपावा लागला. आजच्या आईला निदान ही मुदत कायद्याने दिली आहे. उकिरडा, झुडूप, बसस्टँड यांची गरज नाही. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक मोफत आहे. तो पाठ असू द्या, मुलींनाही शिकवा.

मूल हवं असलेल्यांनी दवाखान्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने, पैसे मोजून, कागदपत्रांशिवाय बाळ घरी आणायचं नाही. तो गुन्हा आहे आणि ते बाळ कधीही हातचं जाऊ शकतं. शासनाच्या दत्तक प्रक्रियेत नाव नोंदवा. वाट बघावी लागते, पण नातं पक्कं होतं. दत्तक मूल सज्ञान झाल्यावर त्याला आपलं मूळ शोधायची सोयही नियमांत आहे. जन्मदात्या आईने गुप्तता मागितली असेल, तर तिची संमती लागते. म्हणजे दोघांचाही विचार केलेला आहे.

आणि शेवटचं म्हणजे त्या शब्दाचं. 'टाकलेलं मूल' हे दोन शब्द आपण आपल्यापुरते तरी वापरायचे सोडून देऊ या. आमच्या केंद्राच्या नोंदवहीत आता आम्ही 'सोपवलेलं बाळ' असं लिहितो. पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा आमची कार्यकर्ती म्हणाली, "ताई, एका शब्दाने काय होणार?" मी म्हटलं, "बघू या." परवा केंद्रात एक आजी आपल्या नातीसाठी आली होती. नात एकोणीस वर्षांची, आठवा महिना. आजी खाली मान घालून म्हणाली, "बाळ सोपवायचं आहे, ताई. कुठं जायचं?"

तिने विचारलं, एवढंच मला पुरेसं होतं. पुढचे कागद करायला आम्ही आहोतच.